प्रस्तावना : इंद्री आणि खासी पाइन

मादागास्करची राजधानी अंतानानारिवो सोडून पूर्व किनाऱ्याकडे निघालेला रस्ता पठाराची कड उतरतो आणि मांगोरो नदीच्या रुंद खोऱ्यात येतो. मोरामांगा हे या खोऱ्यातले मोठे गाव. त्याच्या अवतीभवती हजारो हेक्टरांवर पाइनची लागवड आहे. तिथून पूर्वेला तीसेक किलोमीटरांवर आंदासिबेचे वर्षावन सुरू होते आणि त्या वनात इंद्री राहतो. आज हयात असलेल्या लेमूरांत हा आकाराने सर्वांत मोठा. सहा ते नऊ किलो वजन, अंगावर दाट काळे-पांढरे केस, शेपटीच्या जागी जेमतेम बोटभर खुंट. पाइनची जात मात्र मादागास्करची नाही. ती आपल्या मेघालयातली, आणि पायनस केसिया हे तिचे शास्त्रीय नाव खासी टेकड्यांवरूनच पडले. ईशान्य भारतापासून म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन, व्हिएतनाम आणि थेट फिलिपिन्सच्या लुझॉन बेटापर्यंत ती आपोआप उगवते आणि उष्ण प्रदेशातल्या इतर कित्येक देशांत मुद्दाम लावली जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत इंद्री ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे, म्हणजे निसर्गातून नाहीसे होण्याच्या एक पायरी अलीकडे. खासी पाइन त्याच यादीत सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आहे. या दोन जीवांची चरित्रे पुढच्या पानांत शेजारी-शेजारी मांडली आहेत. ती का मांडली हे सांगणे ही या प्रस्तावनेची जबाबदारी. माझे म्हणणे थोडक्यात असे की, एखादी जात दुर्मिळ होणे किंवा मुबलक होणे यातून त्या जातीच्या गुणदोषांपेक्षा आपण जमिनीशी कसे वागलो हे जास्त कळते. हे पटवायचे तर दोन्ही टोकांची उदाहरणे एकाच खोऱ्यातून घ्यावी लागतात.

पहिला आक्षेप उघड आहे. प्राणी आणि झाड यांची तुलना कशी होणार? दोघांचा समान पूर्वज शोधायचा तर दीड अब्ज वर्षांपेक्षाही मागे जावे लागेल. एकाला हृदय आहे, पिलू आहे, आवाज आहे. दुसऱ्याला मुळे आणि शंकू आहेत. इंद्रीची तुलना करायचीच तर सिफाका या लेमूराशी किंवा कड्यांच्या शेपटीच्या लेमूराशी करावी, पाइनची करायची तर देवदाराशी, असे कोणीही म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण दोन गोष्टी त्यात सुटतात. एक म्हणजे ही तुलना आधीच रोज होत असते. लाल यादी प्राण्यांना आणि झाडांना एकाच कसोटीवर घासते: संख्या किती घटली, वावर किती क्षेत्रात उरला, तुकडे किती झाले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दोन लेमूरांची तुलना केली तर आपल्याला लेमूर कळतात. मोरामांगाचे पाइन आणि आंदासिबेचा इंद्री यांची तुलना केली तर दोघांच्या मधली जमीन कळते, कारण दोघांत समान असलेले तेवढेच आहे. मादागास्कर आणि भारत सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले. लेमूरांचे पूर्वज त्यानंतर फार उशिरा, आफ्रिकेच्या बाजूने समुद्र ओलांडून या बेटावर आले. पाइनचे कूळ तर उत्तर गोलार्धाचे. विषुववृत्त ओलांडून आपोआप दक्षिणेत उतरलेली त्याची एकच जात आहे, तीही सुमात्रात. माणसाने रोपे नेली नसती तर या दोघांची गाठ कधीच पडली नसती. म्हणून त्यांची तुलना करताना माणूस आपोआप तिसरा होतो, आणि मला तोच हवा आहे.

पाइन कसा जगतो ते आधी पाहू. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात सापडलेले पाइनच्या फांद्यांचे सर्वांत जुने जीवाश्म साडेतेरा कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत आणि ते कोळशाच्या रूपात टिकले आहेत. त्या फांद्या जळल्या होत्या म्हणून राहिल्या. या कुळाचा आगीशी संबंध इतका जुना आहे. खासी पाइन त्याच वळणाचा आहे. त्याची साल जाड असते, वाढलेल्या झाडाला जमिनीवरून सरकत जाणारा वणवा सहसा मारत नाही. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यांत येतात, परागीभवन वाऱ्याने होते, शंकू पिकायला दोन वर्षे लागतात आणि मग त्यातून पंख असलेले हलके बी उडते. एका किलोत पन्नास हजारांवर बिया बसतात. या बियांना हवी असते उघडी माती आणि पुरेपूर उजेड. दरड कोसळलेला उतार, जळालेले रान, झूम या फिरत्या शेतीनंतर पडीक टाकलेला तुकडा या त्याच्या आवडीच्या जागा. स्वतःच्याच दाट सावलीत मात्र त्याचे रोप वाढत नाही, त्यामुळे जमीन बराच काळ शांत राहिली की रुंद पानांची झाडे हळूहळू त्याला मागे सारतात. सोबत्यांची गरज त्यालाही आहे. पाइनच्या मुळांवर ठरावीक बुरश्या वाढल्या नाहीत तर रोप खुरटते. दक्षिण गोलार्धात पाइन पहिल्यांदा लावले तेव्हा बऱ्याच ठिकाणी रोपे पिवळी पडून बसली होती. जुन्या लागवडीखालची माती आणून वाफ्यात मिसळल्यावर ती तरारली. म्हणजे या झाडाला परक्या देशात जगायला जे सोबती लागतात ते पिशवीभर मातीत मावतात. बी डब्यात भरून थंड जागी ठेवले तर वर्षानुवर्षे रुजण्याजोगे राहते. माणसाने कुठेही न्यावे आणि कुठेही रुजवावे, असे याहून सोयीचे झाड शोधूनही मिळणे कठीण.

इंद्रीची मांडणी जवळजवळ प्रत्येक बाबतीत याच्या उलट आहे. तो जमिनीवर क्वचित उतरतो. उभ्या खोडाला धरून बसतो आणि पायांच्या एका झटक्याने दुसऱ्या खोडावर झेपावतो. एका झेपेत दहा मीटरांपर्यंतचे अंतर तो कापतो. त्यासाठी खोडे ठरावीक अंतरावर, ठरावीक जाडीची आणि पुरेशी उंच लागतात. त्याचा आहार म्हणजे कोवळी पाने, बिया, फुले आणि फळे, तीही कित्येक डझन जातींच्या झाडांची, ऋतूप्रमाणे बदलणारी. पानांतली कठीण आणि विषारी द्रव्ये पचवायला त्याच्या लांबलचक आतड्यांतले जिवाणू लागतात. मधूनमधून तो मातीही खातो. पानांतल्या विषाचा जोर तिने कमी होत असावा असे अभ्यासकांना वाटते. या साऱ्या जुळणीचा परिणाम असा की इंद्री पिंजऱ्यात जगत नाही. इतर कित्येक लेमूर जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत पिलावळीसह नांदत आहेत, इंद्रीला मात्र बंदिवासात टिकवण्याचे आजवरचे सर्व प्रयत्न फसले. त्याचे सोबती पिशवीभर मातीत मावत नाहीत, अख्खे वन न्यावे लागेल. इंद्रीची मादी सात ते नऊ वर्षांची झाल्यावर प्रथम विते, आणि नंतर दोन-तीन वर्षांनी एकच पिलू. पंधराव्या वर्षापर्यंत ती जेमतेम तीन-चार पिलांची आई होते, त्यांतली सगळी वाढतात असेही नाही.

इंद्रीचे गाणे हा या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता भाग आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. नर, मादी आणि वाढती पिले मिळून सकाळच्या वेळी गातात. आवाज दोन किलोमीटरांपलीकडेही ऐकू जातो. शेजारच्या कुटुंबाला आपली हद्द कळवणे, आपल्यातल्या दूर गेलेल्यांना बोलावणे, जोडीदार नसलेल्या तरुणांना आपण इथे आहोत हे सांगणे, अशी कामे त्या गाण्याने होतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बारा वर्षे केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे, असे दिसून आले की या गाण्यात स्वरांमधली अंतरे मनमानी नसतात. ती समान असतात किंवा एकास दोन या प्रमाणात असतात. बरोबरीची आणि दुपटीची ही लय माणसाच्या संगीतात सर्वत्र आढळते, पण माणूस सोडून दुसऱ्या सस्तन प्राण्यात ती तेव्हा पहिल्यांदाच दाखवली गेली. हे सांगण्यामागे केवळ कौतुक नाही. गाणे हे शेजार असल्याचे चिन्ह आहे. वनाचे तुकडे झाले आणि एका तुकड्यात एकच कुटुंब उरले, तर झाडे शाबूत असूनही तरुण इंद्रीला जोडीदार मिळत नाही. आंदासिबेजवळचे अनालामाझाओत्राचे राखीव वन जुन्या हद्दीप्रमाणे जेमतेम आठशे हेक्टरांचे आहे. एवढ्या जागेत काही डझन कुटुंबे फार तर नांदतील. त्यांची पुढची पिढी कुठे जाणार, हा प्रश्न नकाशावर हिरव्या रंगाने सुटत नाही.

आता दोन्ही चरित्रे एकत्र वाचली की मुख्य मुद्दा समोर येतो. पाइनची सगळी रचना उलथापालथ झालेल्या जमिनीसाठी आहे, इंद्रीची उलथापालथ न झालेल्या जमिनीसाठी. गेल्या काही शतकांत मादागास्करमध्ये सर्वांत मोठी उलथापालथ माणसाने केली. पूर्व उतारावर ‘तावी’ नावाची फिरती शेती आहे, आपल्या सह्याद्रीतल्या कुमरीसारखीच: रान तोडायचे, जाळायचे, राखेत भात पेरायचा, कस गेला की पुढे सरकायचे. लोकसंख्या थोडी असताना रानाला परत उभे राहायला अवधी मिळत असे, तो आता मिळत नाही. पण सगळे खापर तावीवर फोडणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच वसाहतकारांनी राजधानीपासून किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग नेला तो याच वनांतून. इंजिने लाकडावर चालत आणि त्यांच्या जळणासाठी मार्गाच्या कडेने निलगिरी लावली गेली. पुढे लाकूडतोड आली, ग्रॅफाइटच्या खाणी आल्या, आणि आपल्या काळात मोरामांगाजवळ निकेलची प्रचंड खाण आली. १९५३ ते २०१४ या सहा दशकांत मादागास्करचे ४४ टक्के नैसर्गिक वन गेले, असे उपग्रहचित्रे आणि जुने नकाशे जुळवून केलेला अभ्यास सांगतो. ज्या काळात इंद्रीची जागा अशी आटली त्याच काळात पाइनची पसरली. त्यासाठी कोणी इंद्रीचे वैर धरले नव्हते किंवा पाइनवर कोणाचे विशेष प्रेम नव्हते. आपण जमीन जशी करत गेलो तशा जमिनीवर जे टिकते ते टिकले.

यावर एक जुना प्रतिवाद आहे: निसर्गात हेच चालते, जो जुळवून घेतो तो उरतो. इंद्री इतका नाजूक, इतका हट्टी, तर तो जाणारच. या युक्तिवादात काळाचा हिशेब चुकतो. लेमूरांचे कूळ मादागास्करमध्ये पाच कोटी वर्षांहून अधिक काळ आहे. तेवढ्या अवधीत हवामान अनेकदा पालटले, वादळे आली, वने पसरली आणि आकसली. या सर्वांशी जुळवून घेत लेमूरांच्या शंभराहून अधिक जाती झाल्या, उंदराएवढ्यापासून गोरिलाएवढ्यापर्यंत. हे गोरिलाएवढे लेमूर, आणि त्यांच्यासारख्या एकूण सतराएक मोठ्या जाती, माणूस बेटावर आल्यानंतरच्या काळात संपल्या. त्यांतल्या शेवटच्या बहुधा पाचशे वर्षांपूर्वीपर्यंत होत्या. मोठे, सावकाश वाढणारे, कमी पिले देणारे आधी गेले. इंद्री हा त्या रांगेतला आज उरलेला सर्वांत मोठा. २०२० मध्ये लाल यादीने हयात असलेल्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात असल्याचे नोंदवले, त्यांतल्या ३३ अतिसंकटग्रस्त. एखाददुसरी जात घसरली असती तर तिच्या नाजूकपणाकडे बोट दाखवता आले असते. अख्खे कूळ एकाच वेळी घसरते तेव्हा कारण त्या कुळाबाहेर शोधावे लागते. आणि पाइनची ‘जुळवून घेण्याची’ शक्ती म्हणून जिची वाखाणणी होते, तीसुद्धा माणसाने बी नेले, रोपवाटिका केली, बुरशीची माती मिसळली तेव्हा मादागास्करात कामी आली.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो खऱ्या गरजेतून येतो. पाइनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे का करता? मोरामांगाची लागवड मुख्यतः वर्षावन तोडून झालेली नाही. कागदाच्या लगद्याला लाकूड मिळावे या बेताने ती गवताळ माळावर केली गेली. मादागास्करमधल्या बहुतेक घरांत चूल लाकडावर आणि लोणारी कोळशावर पेटते. लागवडीतून लाकूड, फळ्या, कोळसा मिळाला तर नैसर्गिक वनावरची कुऱ्हाड तेवढी थांबते. हे मला मान्य आहे, आणि पाइनविषयीच्या प्रकरणांत त्याला पुरेशी जागा दिली आहे. तीन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या, अत्यंत गरीब अशा देशात सरपणाची सोय न करता ‘इंद्री वाचवा’ म्हणणे हा दुसऱ्याच्या चुलीवर आपले पुण्य शिजवण्याचा प्रकार होईल. तिथल्या शेतकऱ्याला लागवडीचे लाकूड मिळालेच पाहिजे. माझी हरकत झाडाला नाही, त्याच्या मोजणीला आहे.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना अर्ध्या हेक्टराहून मोठ्या जागेवर पाच मीटरांहून उंच झाडांचे दहा टक्क्यांहून अधिक छत्र असले की तिला वन म्हणते, आणि त्यात पाइनची लागवड बसते. आपल्या भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्याही याच धर्तीची आहे: एक हेक्टर जमीन, दहा टक्के छत्र, मग झाड कोणते आणि मालक कोण हे विचारायचे नाही. अशा मोजणीत शंभर हेक्टर वर्षावन गेले आणि शंभर हेक्टर पाइन उभे राहिले तर नुकसान शून्य निघते. इंद्रीच्या बाजूने पाहिले तर नुकसान पूर्ण शंभर हेक्टरांचे आहे, कारण पाइनच्या रानात तो राहूच शकत नाही. २०२० मध्ये स्वातंत्र्याला साठ वर्षे झाली म्हणून मादागास्कर सरकारने सहा कोटी रोपे लावण्याची मोहीम जाहीर केली. महाराष्ट्रानेही २०१९ च्या पावसाळ्यात तेहतीस कोटींचा संकल्प केला होता. असे आकडे ऐकताना कोणती झाडे, कुठे, कशाच्या जागी, हे विचारले नाही तर आकडा फक्त श्रम सांगतो. उलट बाजूची चूकही सांगायला हवी. मादागास्करच्या मध्य पठारावरचा सगळा माळ म्हणजे जळून गेलेले जंगल, असे पूर्वी मानत. आता त्यातला काही भाग माणसाच्या आधीपासूनचा, स्वतःच्या गवतांचा आणि जीवांचा नैसर्गिक माळ असल्याचे पुरावे पुढे आले आहेत. तिथे पाइन लावणे म्हणजे रिकामी जागा भरणे होत नाही. आपल्याकडे दख्खनच्या माळरानांना ‘पडीक’ म्हणणाऱ्या वाचकांनी या मुद्द्यापाशी जरा थांबावे अशी माझी विनंती आहे.

पाइनचा खरा स्वभाव पाहायचा तर त्याच्या माहेरी जावे लागते. खासी टेकड्यांवर शिलाँगच्या आसपास पाइन सर्वत्र आहे. त्याच डोंगरांत मावफ्लांगसारखी राखलेली देवराई आहे आणि तिच्या आत रुंद पानांची, शेवाळाने आणि ऑर्किडांनी भरलेली जुनी झाडे आहेत. बाहेर, जिथे शतकानुशतके तोड, जाळ आणि चराई झाली, तिथे पाइन. कुंपण नसतानाही ही सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते, कारण देवराईतून पानही बाहेर न्यायचे नाही हा नियम लोकांनी पाळला. म्हणजे जिथे पाइन परका नाही तिथेही तो माणसाच्या हातची जमीनच दाखवतो, आणि माणसाने हात आवरला तिथे दुसरे वन दिसते. मादागास्करमध्ये या आवरण्याला ‘फादी’ म्हणतात. पूर्व किनाऱ्याचे बेत्सिमिसाराका लोक इंद्रीला बाबाकूतू म्हणतात आणि पूर्वजांच्या नात्यातला मानतात. मध काढायला झाडावर चढलेला माणूस पडला तेव्हा इंद्रीने त्याला झेलले, अशी एक कथा सांगतात. त्यामुळे इंद्री मारणे आणि खाणे निषिद्ध होते. वनखात्याच्या कोणत्याही कायद्याहून या निषेधाने त्याला अधिक काळ जपले असावे. पण खाणींवर आणि मोकळ्या जमिनीच्या शोधात बाहेरून आलेल्यांना तो निषेध लागू नव्हता, आणि २००९ च्या राजकीय उलथापालथीनंतर शासनाची पकडही सैल झाली. इंद्रीचे मांस खाल्ले गेल्याच्या नोंदी आता आहेत. जमिनीची घडी मोडते तेव्हा तिच्याबरोबर अशा मर्यादाही मोडतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी एक पिलू देणाऱ्या प्राण्याला काही बंदुका आणि थोडे फासेही पुरतात.

कोणी विचारेल, मग यातून मार्ग आहे का? पुस्तकाच्या शेवटच्या भागात आंदासिबेच्या रोपवाटिकांचे वर्णन आहे. मित्सिन्जो ही तिथल्याच गावकऱ्यांची संस्था. तुटलेल्या वनखंडांना जोडणारे पट्टे पुन्हा उभारण्यासाठी ती मूळच्या वर्षावनातल्या झाडांची रोपे तयार करते. हे काम पाइनच्या लागवडीशी ताडून पाहावे. वर्षावनातल्या पुष्कळ झाडांचे बी साठवता येत नाही. वाळले की मरते, म्हणून फळे पिकण्याच्या दिवसांतच वनात जाऊन गोळा करावे लागते आणि लगेच पेरावे लागते. काही झाडे दरवर्षी फळतही नाहीत. कोवळ्या रोपांना सावली लागते, ती द्यायला आधी लवकर वाढणारी स्थानिक झाडे लावावी लागतात, आणि मग त्यांच्याखाली पुढची. एकाच पट्ट्यात कित्येक जाती मिसळाव्या लागतात, कारण इंद्रीला वर्षभराचे खाणे एका झाडावर मिळत नाही. झेप घेण्याजोगी खोडे व्हायला आणखी दशके. पाइनच्या हेक्टरामागे लागतो त्याच्या कित्येक पट वेळ, पैसा आणि माहिती यात जाते, आणि ती माहिती बहुतेक आंदासिबेच्या वाटाड्यांकडे व रोपवाटिकेतल्या बायका-पुरुषांकडे आहे. कोणते झाड कोणत्या महिन्यात फळते, त्याखाली कोणता लेमूर येतो, कोणते बी सोलून पेरायचे, हे त्यांना ठाऊक आहे. या लोकांना वर्षभराची मजुरी देणारा पैसा जोवर मोहिमेपुरता येतो आणि मोहीम संपली की आटतो, तोवर पट्टे अर्धवटच राहतील. म्हणून शेवटच्या तीन प्रकरणांत झाडांपेक्षा मजुरीचा, जमिनीच्या हक्कांचा आणि सरपणाच्या भावाचा विचार अधिक आला आहे. ज्या वाचकांना घाई आहे त्यांनी ती प्रकरणे आधी वाचली तरी चालतील.